थोरलीच्या नऊ फांद्या

१

थोरलीच्या नऊ फांद्या नाहीशा झाल्या होत्या.

वाऱ्याने मोडल्या नव्हत्या, ओझ्याने वाकून तुटल्या नव्हत्या. नाहीशाच झाल्या होत्या. आदल्या संध्याकाळी दुरून झाड पायापासून शेंड्यापर्यंत पांढरं दिसत होतं. सकाळी धुक्याने पदर उचलला, तेव्हा त्या पांढऱ्या अंगावर जागोजाग भोकं दिसली. नव्याकोऱ्या दुलईला उंदरांनी कुरतडावं तशी.

थोरली म्हणजे डोंगरावरच्या त्या शेती केंद्राची सगळ्यात जुनी नासपती. वरच्या टप्प्यावर ती एकटी उभी असायची, आणि खालच्या टप्प्यांवरची चारशे झाडं तिच्याच लेकी-नाती. वर्षातले बारा दिवस सगळा डोंगर फुलायचा. त्या बारा दिवसांत खालच्या शहरांतून बसगाड्या भरभरून माणसं यायची, थोरलीखाली उभी राहून वर बघायची आणि उगाचच हळू आवाजात बोलायला लागायची. यंदाचा पहिला दिवस आज होता. फाटक दहाला उघडायचं होतं.

रोगराईची तपासनीस आठच्या बसने उतरली, तर केंद्राचे साहेब फाटकातच येरझारा घालत होते. दर फुलोऱ्याला ती वर यायची. झाडांवरून नजर फिरवायची, थोरलीच्या चारी अंगांनी कोवळ्या काड्या कापून कागदी पाकिटांत घालायची, आणि त्या प्रयोगशाळेत पाठवायची. वीस वर्षांपूर्वी ती इथेच शिकायला होती. सुरी कशी धरायची तेही तिला इथेच कळलं होतं. त्यामुळे ही वाट चढताना तिला दर वर्षी माहेरी आल्यासारखं वाटे. यंदा मात्र पाय जड होते. गेल्या वर्षी इथून उतरल्यावर महिन्याभरात तिने खोऱ्यातली एक अख्खी बाग जाळायला लावली होती, आणि तो धूर तिच्या मनातून अजून गेला नव्हता.

"बरं झालं तुम्ही आलात," साहेब म्हणाले. "तुम्ही बाहेरच्या. तुमचा शब्द कोणी खोडणार नाही. चोर मला ठाऊक आहे, तुम्ही फक्त कागदावर लिहून द्या."

"चोर ठाऊक आहे, तर मी कशाला हवी?"

"कारण चोराची जीभ माझ्यापेक्षा लांब आहे!" साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. "आपली कलमवाली. परवा सगळ्यांसमोर मला म्हणाली, थोरलीच्या काड्या द्या, नाहीतर एक दिवस कापूनच दाखवते. आज कापून दाखवल्या. आणि ही बघा तिची करवत, तिच्याच खुंटीवर सापडली."

त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लहान, बारीक दातांची करवत पुढे केली. दातांच्या फटींत ओला भुसा होता आणि पात्यावर तांबूस गंज चढला होता.

"दहाच्या आत तिच्या हातात नोकरी सुटल्याचा कागद ठेवणार आहे मी," साहेब म्हणाले. "केंद्राची खोली आजच रिकामी करायची. म्हातारी आई आहे तिची, मला वाईट वाटतं. पण थोरलीच्या अंगाला हात लावणाऱ्याला मी ठेवून घेऊ शकत नाही."

तपासनिसाने करवत नाकाशी नेली आणि तिची बोटं थबकली. करवतीला लाकडाचा वास नव्हता. ब्लीचिंग पावडरीचा होता.

२

कलमवाली कलमघरात जमिनीवर बसून काड्यांना पट्टी गुंडाळत होती. वय चाळिशीचं, हात झरझर चालणारे आणि तोंड हातांच्याही पुढे. गुंडाळताना ती गुणगुणत होती. केंद्रावरच्या बायका पट्ट्या बांधताना म्हणायच्या तीच ओवी:

*थोरल्या गं झाडाला, नाही पातं लावायाचं,*
*आईच्या गं अंगाला, लेकींनी गं जपायाचं.*

"या, बसा," ती मान वर न करता म्हणाली. "फाशीचा दोर घेऊन आलात का नुसतंच माप घ्यायला?"

"विचारायला आले आहे. तू कापल्यास?"

"कापल्या असत्या तर सांगितलं असतं. छातीठोक सांगितलं असतं. साहेबांना चिडवायची एवढी नामी संधी मी वाया घालवेन का?" तिने पट्टीची गाठ दातांनी ओढली. "तुम्ही काप बघितले?"

"अजून नाही."

"मग आधी ते बघा, मग माझ्याकडे या. अहो बाई, कलमाची काडी घेतात ती झाड झोपलेलं असताना. फुलावर आलेल्या फांदीचं कलम करतं का कोणी? ते म्हणजे बाळंतीण बाईला शर्यतीत पळवण्यासारखं. आणि घ्यायचीच तर शेंड्याची, वीतभर. कापणाऱ्याने कापलंय कुठे? पार दीड हात खाली, जाड जुन्या लाकडात. ते लाकूड मला काय चुलीत घालायचंय?"

"मग परवा भांडलीस कशाला?"

कलमवालीचे हात पहिल्यांदा थांबले. "भांडले ते भांडले. तीस वर्षं आम्ही लेकींच्याच काड्या घेतोय. लेकीची लेक, तिची लेक. मूळ रक्त पातळ होतं असं मला वाटतं. साहेबांना म्हटलं, एकदा, फक्त एकदा हिवाळ्यात थोरलीच्या चार काड्या घेऊ द्या. तर म्हणाले, पहिल्या साहेबांचा दंडक आहे, थोरलीला पातं लावायचं नाही म्हणजे नाही. मग तोंडातून गेलं. तोंडच ते, त्याला कुंपण नाही." ती जरा थांबली. "पण करवत माझी आहे, हे खरं. काल संध्याकाळी तेल लावून खुंटीला टांगली होती. माझ्या करवतीला मी गंज चढू देईन? आईची शपथ घेते, बाई. मोतीबिंदूने आंधळी झालेली म्हातारी आहे माझी. तिला आमची खोली हाताने चाचपून पाठ आहे. दुसरीकडे नेली तर ती भिंतीला धडकत फिरेल."

तपासनिसाला तिच्याकडे बघवेना. का, ते तिचं तिलाच कळलं नाही. खरं तर ती निर्दोष दिसत होती. निर्दोष माणसाकडे बघायला कसली भीती?

"थोरलीला वर्षभरात कोणाचंच पातं लागत नाही?" उठता उठता तिने विचारलं.

"कोणाचंच नाही." कलमवालीने नवी काडी उचलली. "सरकारी नियमाला तेवढी सूट."

३

थोरलीखाली तपासनीस गुडघे टेकून बसली.

पहिली गोष्ट तिला दिसली, ती जमीन. जमीन स्वच्छ होती. फुलांनी लगडलेली फांदी करवतीने कापायची म्हणजे हादरा बसणार, पाकळ्यांचा सडा पडणार. इथे मात्र गवतावर वाऱ्याने सहज गळालेल्या दहा-वीस पाकळ्या सोडल्या तर काही नव्हतं. दवाने ओल्या गवतावर एक चौकोन मात्र आडवा झाला होता. तिथे कोणी चादर अंथरली होती. कापण्याआधी प्रत्येक फांदी पिशवीत घातली असणार, आणि शिवाय खाली चादरही पसरली होती. पाकळीसुद्धा खाली पडू नये, एवढी काळजी.

चोराला कसली आली एवढी काळजी? आणि सूड घेणाऱ्याला तर सडा पडलेलाच हवा असतो.

दुसरी गोष्ट, कापाची जागा. कलमवाली खरं बोलत होती. दीड हात खाली, सरळ, नेटका काप. आणि प्रत्येक कापाखालची साल बोटभर फिकट पडलेली. एक फांदी कापली की पातं ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवायचं, मगच दुसरीला लावायचं. नऊ वेळा. त्याच पाण्याने करवत गंजली होती.

 तोडण्याची ही रीत तिला तोंडपाठ होती. ती तिने स्वतः बागायतदारांना शिकवली होती. आग्या करपा झाडात शिरला की अशी तोड करतात.

आग्या करपा फुलातून नाहीतर जखमेतून आत शिरतो. मोहोर चहाच्या रंगाचा होतो, कोवळा शेंडा काठीच्या मुठीसारखा वाकतो, आणि झाड उभ्या उभ्या जाळल्यासारखं काळं पडतं. मग मधमाश्या एका फुलातून दुसऱ्या फुलात तो नेऊन पोचवतात. म्हणून नियम कडक आहे. एका झाडात सापडला की ते झाड आणि त्याला फांदीला फांदी लागून असलेली सगळी झाडं मुळासकट काढून जाळायची.

कोणी फांद्या चोरल्या नव्हत्या. कोणीतरी आजार चोरला होता.

खालच्या टप्प्यावर मधपेट्यांची रांग होती. मधमाश्यांवाल्याला सगळे गुणगुण्या म्हणत, कारण त्याच्या नाकातून दिवसभर सूर चालू असे. पेट्यांतल्या माश्यांना तो आपलाच वाटतो, अशी केंद्रावर चेष्टा होती. आज तो पेटीवर मुकाट बसला होता. पेट्याही मुक्या होत्या, आणि प्रत्येकीच्या दाराला जाळी ठोकलेली होती.

"फुलोऱ्याच्या ऐन दिवशी माश्या कोंडल्यास?" तपासनिसाने विचारलं.

"गारठा आहे, मॅडम. सर्दी होते."

"माश्यांना?"

"मला," तो म्हणाला आणि स्वतःच्याच उत्तराने कासावीस झाला.

ऊन लखलखीत होतं. तपासनीस त्याच्याकडे बघत राहिली. गुणगुण्याने टोपी काढली, पुन्हा घातली.

"कालपासून बंद आहेत," तो शेवटी म्हणाला. "त्यांनी सांगितलं, बंद कर, मी केल्या. का म्हणून विचारलं नाही. त्या माणसाला आजवर कोणी 'का' विचारलंय? पण मॅडम, त्या कलमवाल्या बाईचं नाव निघालं तेव्हा मी तिथेच उभा होतो. तोंड उघडलं नाही मी. सकाळपासून घशाखाली पाणी उतरत नाही."

"त्यांनी म्हणजे कोणी?"

गुणगुण्याने मान फिरवली. त्याच्या नजरेमागे तपासनिसाने पाहिलं. फळं सुकवायच्या भट्टीच्या धुराड्यातून निळा, बारीक धूर निघत होता. फळांचा मोसम यायला अजून पाच महिने होते.

४

ती भट्टीकडे लगेच गेली नाही. तिथे कोण असेल ते तिला आता कळलं होतं. पातं बुडवायची शिस्त असलेला, चादर अंथरण्याएवढी माया असलेला, आणि ज्याला 'का' विचारायची कोणाची छाती नाही, असा माणूस केंद्रावर एकच होता. मुख्य माळी. सगळ्यांचे माळीकाका.

काय झालं ते कळलं होतं. का झालं तेही अर्धं कळलं होतं. पण करपा डोंगरावर आला कसा? चाळीस वर्षांत इथे एक पान काळं पडलं नव्हतं. आणि चारशे लेकी धडधाकट असताना तो नेमका थोरलीलाच कसा लागला?

सवयीने तिने वही काढली. अहवालाला नकाशा लागतो. तिने एक गोल काढला, तो बुंधा. मग थोरलीभोवती फिरून, प्रत्येक काप बघून, त्या त्या दिशेला एकेक फुली मारली. उत्तरेला दोन. पूर्वेला दोन. दक्षिणेला तीन, एक जरा खाली. पश्चिमेला दोन. सगळ्या खांद्याच्या उंचीला. शिडी लागू नये अशा, तिच्याएवढ्या उंचीच्या माणसाचा हात जिथे सहज पोचेल तिथे.

तिच्याएवढ्या.

वारा आला आणि थोरलीने चार पाकळ्या तिच्या वहीवर टाकल्या. तपासनिसाने त्या झटकल्या नाहीत. तिने सावकाश वहीची पानं मागे उलटली. गेल्या वर्षाचा फुलोरा. थोरलीचं पान. एक गोल, आणि त्याभोवती, तिच्याच हाताने, जिथे जिथे नमुन्याची काडी कापली तिथे तिथे एकेक फुली.

दोन्ही पानं एकावर एक धरून तिने वही उन्हाकडे केली.

फुल्यांवर फुल्या बसल्या.

५

आठवण चोरपावलांनी आली नाही. ती दाराशीच उभी होती. वर्षभर तपासनिसानेच कडी काढली नव्हती.

गेल्या वर्षीचा तो दिवस. सकाळी खोऱ्यातली बाग, दुपारी डोंगर. खोऱ्यातल्या त्या बागेत एका झाडाचा शेंडा जरासा वाकला होता. तिने नमुना घेतला. थंडीने असेल, असं बागायतदाराला म्हणाली. सुरी बुडवून निर्जंतुक करायच्या स्पिरिटची बाटली तिथेच संपली. वर यायला उशीर झाला होता, शेवटची बस गाठायची होती. माळीकाका कामगारांना घेऊन खालच्या टप्प्यावर होते. त्यांच्याकडे स्पिरिट मागायचं म्हणजे टप्पे उतरा, पुन्हा चढा. तिने सुरी नळाखाली धरली आणि रुमालाने कोरडी केली. लख्ख दिसत होती. एकदा चालतं, असं मनाशी म्हणाली, आणि थोरलीच्या नऊ काड्या कापल्या.

महिन्याने खोऱ्यातल्या नमुन्याचा निकाल आला होता. करपा. थोरलीच्या काड्यांत काही निघालं नव्हतं. कुठून निघणार? त्या तर तुटून पाकिटात गेल्या होत्या. विष राहिलं ते झाडावर, नऊ जखमांत.

भट्टीच्या दारात ती उभी राहिली तेव्हा माळीकाका लोखंडी सळीने निखारे वर-खाली करत होते. सत्तरीला टेकलेला, वाळल्या वेलासारखा माणूस. करड्या सदऱ्यावर पोटापाशी पांढुरके ठिपके उडाले होते. ब्लीचिंगचं पाणी कापडाचा रंगही खातं.

"आलीस," ते म्हणाले. "मला वाटलं, दहापर्यंत लागेल तुला. लवकर पोचलीस. हुशार होतीसच."

"काका, मला सांगायचं तरी होतं."

"काय सांगायचं होतं?" त्यांनी सळी भिंतीला टेकवली. "काल सकाळी बघितलं. नऊ फांद्या, नऊच्या नऊ शेंडे वाकलेले, मोहोर चहासारखा. आणि प्रत्येकीवर तुझ्या सुरीची जुनी खूण. तिरपी, नेटकी. मीच शिकवलेली. दुसऱ्या कोणाची ओळखली नसती एक वेळ. तुझी कशी चुकेन?" त्यांचा आवाज खाली गेला. "बस येण्याआधी उरकायचं ठरवलं. तू येशील, फांद्या नसतील, साहेब चोर चोर ओरडतील, दोन दिवसांत विसरतील. तुला कळणारच नाही. माझी अवजारं कोठीत साहेबांच्या कुलपात, पाहुण्यांच्या दिवसाला त्यांचं असंच असतं. म्हणून खुंटीवरची करवत घेतली. तिचं नाव पुढे येईल हे ध्यानातच आलं नाही. आणि आलं, तेव्हा माझी जीभ टाळूला चिकटली. उभा राहिलो दगडासारखा. हे वय आहे का माझं असलं काही करायचं?"

"तुम्ही थोरलीला करवत लावलीत."

"लावली. नऊ वेळा. प्रत्येक वेळी तिची माफी मागितली."

 भट्टीत एक ओली फांदी सुस्कारली.

६

दोघं पुन्हा थोरलीखाली आले. तपासनिसाने सुरी स्पिरिटात बुडवली, एकदा, आणि मग पुन्हा एकदा. एकेका कापाखालची साल तिने नखाएवढी सोलली. हिरवी, ओली, निरोगी. दुसरी तशीच. तिसरी तशीच. आठवीपर्यंत तिला श्वास घ्यायचा धीर येत गेला.

नवव्या कापाखाली, फिकट लाकडात, केसाएवढी एक तांबूस रेघ होती.

माळीकाकांनीही पाहिली. "एवढीशी तर आहे," ते घाईघाईने म्हणाले. "आणखी हातभर खाली कापू. आत्ता कापू, दहा मिनिटांचं काम. मग सगळं स्वच्छ. पोरी, ऐक माझं. साहेबांना मी सांगतो, मीच कापल्या, म्हातारचळ लागला म्हणून. मला काय, तीन महिन्यांनी घरीच बसायचंय. ती कलमवाली सुटेल, तू सुटशील, थोरली उभी राहील. कोणाचंच वाईट नाही होत ह्यात. सांग, कोणाचं होतं?"

खरंच कोणाचं होत होतं? तपासनीस वर बघत राहिली. फांद्याफांद्यांतून आभाळ निळं झिरपत होतं. हातभर खाली. दहा मिनिटं. सगळं किती सोपं होतं, आणि तिचं मन त्या सोपेपणाकडे तहानेल्या गुरासारखं ओढ घेत होतं.

पण खोऱ्यातला बागायतदारही नेमकं हेच म्हणाला होता. तीनशे झाडांच्या मधोमध उभं राहून, टोपी हातात घेऊन. "बाई, हातभर खाली कापून बघू का? एक संधी द्या." आणि तिने वहीतून मान वर न करता म्हटलं होतं, "नियम आहे. रेघ दिसली की झाड गेलं."  झाडं जळत होती तेव्हा तो त्यांच्याकडे पाठ करून बसला होता.

"त्या माणसाला मी हातभर दिला नाही, काका," ती म्हणाली. "मग मला कसा देऊ?"

"तुला नको देऊस. झाडाला दे."

"रेघ एक दिसली. न दिसलेल्या किती असतील? जाळी लावून माश्या किती दिवस कोंडाल? खाली चारशे आहेत. त्यांच्या पलीकडे सगळा डोंगर."

माळीकाका थोरलीच्या बुंध्याला टेकून बसले. ते रडले नाहीत. नुसते लहान होत गेले.

७

साहेबांच्या खोलीत कलमवाली उभी होती. टेबलावर कागद, कागदावर साहेबांची सही व्हायची बाकी. गुणगुण्या दारात, टोपी मुठीत आवळून. पावणेदहा झाले होते.

"झालं का लिहून?" साहेबांनी विचारलं.

"झालं," तपासनीस म्हणाली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. चादर सांगितली, ब्लीचिंग सांगितलं, कोंडलेल्या माश्या सांगितल्या. दीड हात खालच्या कापाचा अर्थ सांगितला. माळीकाकांचं नाव घेताना तिचा आवाज हलला, पण थांबला नाही. साहेब ऐकता ऐकता खुर्चीत मागे मागे सरत गेले.

"करपा? थोरलीला? आला कुठून?"

"थोरलीला वर्षात एकच पातं लागतं, साहेब. माझं. गेल्या वर्षी मी ते धुतलं, पण स्पिरिटात बुडवलं नाही. कंटाळा केला. खोऱ्यातला रोग मी माझ्या हाताने वर आणला." तिने अहवालाचा कागद टेबलावर ठेवला. 'रोग कशामुळे आला' ह्या रकान्यात तिचं स्वतःचं नाव आणि हुद्दा होता. "ह्याची एक प्रत माझ्या वरिष्ठांना जाईल. एक खोऱ्यातल्या बागायतदाराला. त्याच्या बागेत शेंडा वाकलेला मी पाहिला होता आणि थंडी म्हणाले होते. तेव्हाच ओळखलं असतं तर त्याची अर्धी बाग वाचली असती."

 मग साहेबांनी सही न झालेला कागद उचलला, दोन तुकडे केले, आणि ते कुठे टाकावेत हे न कळून खिशात ठेवले.

"बाई," ते कलमवालीला म्हणाले, "माझं चुकलं."

"चुकलं," कलमवाली म्हणाली. पण ती साहेबांकडे बघत नव्हती. ती तपासनिसाकडे बघत होती, आणि त्या नजरेत आभार नव्हते. "माझी खोली वाचवलीत. ते मी विसरणार नाही. आणि थोरली नेलीत, तेही विसरणार नाही. दोन्ही एकदमच लक्षात ठेवावं लागेल आता."

"ठेव," तपासनीस म्हणाली. तिला त्यापेक्षा हलकी शिक्षा नकोच होती.

खालून बसचा भोंगा वाजला. मग दुसरा. फाटकाशी माणसांचा गलका वाढत होता.

"लोकांना काय सांगू?" साहेब पुटपुटले.

"तुम्ही नका सांगू. ते माझं काम आहे."

फाटकाच्या गजांतून तिने सांगितलं. झाड आजारी आहे, आज बाग उघडणार नाही. नव्या कपड्यांतली माणसं कुरकुरली. कोणी म्हणालं, एवढ्या लांबून आलो. एका बाईने विचारलं, "अहो, पण आजार झाला कसा?"

"मी केला," तपासनीस म्हणाली. "माझी सुरी घाणेरडी होती."

बाई एक पाऊल मागे सरली. रांग हळूहळू मागे फिरली. मागच्या माणसांना पुढची काय सांगत होती ते ऐकू येत नव्हतं. फक्त एकेक मान वळून तिच्याकडे बघत होती, तेवढं दिसत होतं.

मग एकच काम उरलं. तोडायच्या झाडाला तपासनिसाने स्वतः खूण करायची असते. लाल रंग, बुंध्याभोवती पूर्ण वळसा, छातीच्या उंचीला.

ती वर पोचली तेव्हा माळीकाका अजून तिथेच होते. त्यांनी तिच्या हातातला डबा घेतला, झाकण उघडलं, आणि काडीने रंग ढवळून डबा तिच्यासमोर धरला. तिने कुंचला बुडवला. पहिला फटकारा वेडावाकडा गेला.

"नीट ओढ," माळीकाका म्हणाले. वीस वर्षांपूर्वी ज्या आवाजात शिकवलं होतं, त्याच कोरड्या आवाजात. "पुसट ठेवलीस तर तोडणारे चुकतील आणि खालचं धडधाकट झाड पाडतील. पुन्हा बुडव. हं. आता थांबू नकोस, वळसा पुरा कर."